वाचनालयाच्या टॅबमध्ये नेटवर्कशिवाय चालणारं काय भरून ठेवू?

प्रश्न : खाडीकाठची वाचनालयवाली

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात विजयदुर्गच्या खाडीला लागून आमचं गाव. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं काम मी बघते. आमच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून यंदा वाचनालयाला दोन टॅब घेऊन दिले. टॅब चांगले आहेत, मेमरी कार्डाला जागा आहे, आणि मुलं आल्या दिवसापासून त्यांच्याभोवती गोळा होतात.

अडचण आहे ती पावसाची. मे संपेपर्यंत नेटवर्क बरं असतं. मृगाचा पाऊस लागला, एखादा माड तारांवर आडवा झाला, की वीज जाते. मग टॉवरची बॅटरी उतरते आणि खालच्या वाडीत फोनला एकही कांडी येत नाही. सड्यावर देवळापाशी चढून गेलं तर दोन कांड्या मिळतात, पण धो धो पावसात टॅब घेऊन तिथे कुणाला पाठवणार? आणि वाचनालय खरं भरतं ते त्याच दिवसांत. मुलांना बाहेर खेळता येत नाही, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, लावणी आटोपली की मोठी माणसंही येऊन बसतात. त्या वेळी माझ्याकडे शोभेच्या दोन काचेच्या पाट्या असू नयेत, एवढंच मला हवं आहे.

म्हणून मी एक साधी परीक्षा लावली. टॅब फ्लाइट मोडवर टाकायचा आणि भरलेलं एकेक ॲप उघडायचं. एका इंग्रजी-मराठी शब्दकोशावर मोठ्या अक्षरांत ‘ऑफलाइन’ लिहिलेलं होतं. शब्द टाकला की म्हणतं, ‘इंटरनेट तपासा’. दुसरा शब्दकोश नेटवर्कशिवाय चालला, पण नेटवर्क आलं की दर दोन-तीन शब्दांनी पडदाभर जाहिरात, तीही सहावीच्या मुलीला दाखवू नये अशी. सामान्यज्ञानाचं एक ॲप झकास उघडलं. त्यात महाराष्ट्राचे जिल्हे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तो आपल्या कोकणातलाच जिल्हा, आणि मुलं स्पर्धा परीक्षेसाठी ३५ पाठ करणार! ते ॲप मी त्याच मिनिटाला काढून टाकलं.

आमच्याकडे कोण काय विचारतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल. पाचवी ते दहावीची मुलं, सगळी मराठी माध्यमाची. त्यांना अभ्यासातलं हवं असतं, पण त्याहून जास्त ‘हे काय असतं’ या प्रकारचे प्रश्न असतात. खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जाणाऱ्या बायका सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ विचारतात. बागायतदार हवामान विचारतात. एक आजोबा घरातले जुने कागद वाचतात आणि त्यातले अडलेले शब्द चिठ्ठीवर लिहून आणतात. त्यांची चिठ्ठी रिकाम्या हाताने परत पाठवायला मला फार वाईट वाटतं.

तर, मराठीत असलेलं, फुकट, जाहिरातींशिवाय, आणि जून ते सप्टेंबर फ्लाइट मोडवर चालेल असं काय काय भरू? नुसती नावं नकोत, कसं भरायचं तेही सांगा. पाऊस यायच्या आत हे काम उरकायचं आहे.

उत्तर : विज्ञानाचा मास्तर, गुहागर

ताई, तुमची फ्लाइट मोडची परीक्षा मी आमच्या शाळेत उद्यापासून लावतो. मुद्दा तोच आहे. काही ॲप्सच्या पोटात माहिती असते आणि काही नुसती खिडकी असतात, माहिती दूर कुठेतरी. पावसाळ्यात खिडकीचा उपयोग नाही. मी ज्या गोष्टी वर्गात वापरतो त्यांतल्या पोटात माहिती राहणाऱ्या तेवढ्या सांगतो.

सगळ्यांत आधी किविक्स. हे नुसतं वाचायचं ॲप आहे. त्याच्यात ‘झिम’ नावाच्या फायली उतरवायच्या. अख्खा मराठी विकिपीडिया अशा एका फायलीत मिळतो. इंग्रजीचा चित्रांसकट शंभर जीबीच्या वर जातो, मराठीचा त्याच्यापुढे अगदी लहान. इंग्रजीसाठी चित्रांशिवायची किंवा निवडक लेखांची छोटी फाइल घ्या. एकदा उतरवली की शोध, दुवे, सगळं नेटवर्कशिवाय चालतं.

भरताना दोन गोष्टी बघा. मेमरी कार्ड फॅट३२ पद्धतीचं असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, आणि उतरवणं शेवटाला येऊन बंद पडतं. कार्ड आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. दुसरं, प्ले स्टोअरवरच्या किविक्सला गुगलच्या नियमांमुळे कार्डावर बाहेरून टाकलेल्या फायली वाचायला मर्यादा येतात. किविक्सच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेल्या ॲपला ती अडचण नाही.

आणि तुमच्या कामाची खरी गंमत पुढे आहे. किविक्समध्ये हॉटस्पॉटची सोय आहे. एका टॅबवर ती सुरू केली की खोलीतले बाकीचे फोन त्याच्या वायफायला जोडून आपापल्या ब्राउझरमध्ये तोच विकिपीडिया वाचू शकतात. इंटरनेट लागत नाही. दोन टॅबवर झुंबड होते म्हणता ना? मोठ्या मुलांकडे घरचे फोन असतातच.

अभ्यासासाठी दीक्षा. केंद्र सरकारचं आहे, २०१७ पासून. बालभारतीच्या पुस्तकांत धड्यापाशी क्यूआर कोड छापलेले असतात, ते यातून वाचायचे. मात्र कोड वाचला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक घटकाचं पान उघडून तिथलं ‘डाउनलोड’ दाबावं लागतं, तेव्हा तो टॅबमध्ये राहतो. जे व्हिडिओ यूट्यूबवरून जोडलेले असतात ते उतरत नाहीत. काम कंटाळवाणं आहे, म्हणून दहावीच्या एका मुलाला आणि एका मुलीला सोबत घेऊन बसा. कुठला धडा अवघड जातो ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, तेवढेच उतरवा. पाठ्यपुस्तकंही ई-बालभारतीवरून पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पहिली ते दहावी सगळी घेऊन ठेवा. पावसात दप्तर भिजून पुस्तकाचा लगदा झालेलं मूल दरवर्षी असतंच.

लहानांसाठी स्टोरीवीव्हर, प्रथम बुक्सचं. २०१५ मध्ये सुरू झालं. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. त्या उतरवून घेता येतात. शिवाय त्यांचा परवाना खुला आहे, लेखक-चित्रकारांची नावं ठेवून छापायला मुभा आहे. तुम्ही मे महिन्यात निवडक गोष्टी छापून शिवून ठेवल्यात तर टॅबची बॅटरी उतरली तरी वाचन थांबणार नाही. अंगणवाडीच्या पोरांना तसंही कागदावरचं चित्र जास्त आवडतं, बोट फिरवता येतं.

विज्ञानासाठी माझं आवडतं म्हणजे फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने केलेली ही सादृश्यं, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग आहेत. कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ते काम सुरू केलं. विजेचं मंडल जोडायचं, बल्ब पेटवायचा, तार काढली की विझतो. बऱ्याच सादृश्यांचे मराठी अनुवाद आहेत. एकेक सादृश्य एका फायलीत उतरतं आणि ब्राउझरमध्ये नेटवर्कशिवाय उघडतं. मी आठवीच्या वर्गात ‘दोन बल्ब एकाच तारेवर ओळीने लावले तर उजेड कमी का होतो’ हे यावर करून घेतो. मुलांना तीन वायरी आणि एक सेल दिला की सेल गरम होतो, वायर निघते, आणि तास संपतो. इथे चूक करायला भरपूर वाव आहे आणि काही जळत नाही. नंतर खरे सेल हातात द्यायचेच, ते सोडू नये.

फायझॉक्स म्हणून आणखी एक आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. फोनमधले संवेदक वापरून प्रयोग करतं. त्यातल्या आवाजाच्या घड्याळाने ध्वनीचा वेग मोजता येतो. त्याला दोन फोन आणि एक मोकळी पडवी लागते. मराठी नाही, पण मास्तर किंवा मोठं मूल सोबत असलं की अडत नाही.

भाषांतरासाठी गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी ही भाषा ‘ऑफलाइन’ म्हणून उतरवून ठेवा. औषधाच्या डब्यावरचं, अर्जावरचं इंग्रजी ढोबळ समजायला पुरतं. कायदेशीर कागदाला वापरू नका.

आजोबांच्या चिठ्ठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. जुन्या कागदांतले शब्द आजच्या कोशांत सापडत नाहीत, पण १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत हमखास सापडतात. त्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत आणि कोकणातले म्हणून वेगळी खूण केलेलेही आहेत. अर्थ इंग्रजीत आहेत, ते तुम्हाला सांगावे लागतील. सगळे अर्थ मराठीत हवे असतील तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाच्या साइटवर शोधता येतात, फक्त त्याला नेटवर्क लागतं. म्हणून छापील कोशांची जुनी, स्कॅन केलेली प्रत पीडीएफमध्ये घेऊन ठेवा. शोधायला वेळ लागतो, पण आजोबांना घाई नसावी.

विश्वकोशाबद्दल मुद्दाम सांगतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जे काम उभं केलं, ते वीस खंड आज साइटवर फुकट वाचता येतात. मराठी विकिपीडियात पुष्कळ लेख दोन-चार ओळींचेच आहेत. विश्वकोशातली नोंद मात्र त्या विषयाच्या जाणकाराने लिहिलेली असते. आकडे जुने असतील, पण समजावणं पक्कं. मुलांना लागतील त्या नोंदी निवडा आणि ब्राउझरमधून एकेक पान पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा. भरती-ओहोटी, आंबा, खारफुटी, ग्रहण, मीठ, कौलं. फोल्डरची नावं मराठीत द्या.

उत्तर : रापणकर, मालवण

ताई, सुकतीचं मी सांगतो, आमचं घरच त्याच्यावर चालतं.

भरतीची ॲप्स खूप आहेत. घ्यायच्या आधी ते कुठल्या बंदराचे आकडे दाखवतं ते बघा. बऱ्याच ॲप्समध्ये आपल्या पट्ट्यासाठी मुंबई नाहीतर मुरगाव एवढंच असतं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळ चढतं. दक्षिणेकडे यावं तसं ते कमी होतं, मुरगावला साधारण निम्म्यावर येतं. वेळही सारखी नसते, दक्षिणेला भरती आधी लागते. तेव्हा मुंबईचा आकडा बघून विजयदुर्गच्या खाडीत उतरलेली बाई एकतर पाण्यात अडकेल नाहीतर तिसऱ्या उघड्या पडायच्या आत पोचेल. तुमच्या गावच्या खाडीत किती फरक पडतो ते त्या बायकांनाच विचारा. आठवडाभर ॲपची वेळ आणि त्यांची वेळ समोरासमोर लिहा, फरक कळून जाईल. मग ती दुरुस्ती करून चार महिन्यांचं कोष्टक कागदावर काढा आणि वाचनालयाच्या दारावर लावा.

ॲप नसलं तरी अडत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराच्या पुढे सुकती. दशमीला साडेसात. पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, पण हिशोब मोडत नाही. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं नि कमी ओसरतं. तिसऱ्यांना उधाणाची सुकती चांगली, कारण पाणी लांब ओसरतं. हे का होतं म्हणाल तर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि एका तिथीचा पाऊण तास म्हणजे जवळजवळ तेवढीच. आमचे बाबा अजून सकाळी उठल्यावर आधी विचारतत, ‘आज तिथ खंयची?’ घड्याळ नंतर. मुलांना हे गणित नक्की शिकवा. तिथीसाठी कालनिर्णय असतंच भिंतीवर. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचे.

मासेमारीला जाणाऱ्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसची, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेची, माहिती. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगतात. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, असं मराठीतही येतं. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही, मग ती सूचना येत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदीच असते, म्हणून पावसाळ्यात तुम्हाला त्याच्यातलं लागेल ते फक्त लाटांचं. मोठ्या लाटांचा इशारा मात्र बघत जा. वारा नसताना लांबच्या समुद्रातलं वादळ इथे लाटा पाठवतं, आणि किनाऱ्यावर ओढलेली होडी त्यात जाते.

हे सगळं नेटवर्कवरचं आहे. समुद्रातही किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे फोन चालत नाही. म्हणून तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर दारावरच्या कागदावर मोठा लिहा. होडी परत आली नाही की घरच्यांनी पहिला तो लावायचा.

खाडीकाठची वाचनालयवाली

मास्तर, रापणकर, तुमचे फार उपकार आहेत. किविक्स भरलं, हॉटस्पॉट चालू केला, आणि पडवीत सगळी मुलं माना खाली घालून वाचत बसलेली बघितली! भरतीचं कोष्टक आमच्या काकींसोबत बसून लिहायला घेतलंय. पाऊणपटीचं गणित त्यांना न सांगताच येत होतं.

पण एक वाद उभा राहिलाय, तो इथे मांडते. मुलांनी पहिल्यांदा शोधला तो हेलियम. विजयदुर्ग समोरच आहे, किल्ल्यावर ग्रहण बघायला आलेल्या साहेबाचे ओटे आहेत, आणि हेलियमचा शोध तिथे लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतो. मुलांना इंग्रजी फायलीत त्या जागी आंध्रातलं गुंटूर सापडलं. नववीतला एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, ‘ह्यात आपलं नावच नाही.’ त्याला काय सांगू? त्याला खोटं सांगायचं नाही आणि त्याचा अभिमानही मोडायचा नाही.

विज्ञानाचा मास्तर, गुहागर

त्याला जे खरं आहे ते सगळं सांगा, त्यात विजयदुर्ग भरपूर आहे.

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. पिअर जॅन्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश त्याने वर्णपटात तपासला. त्याला दिसलं की त्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक आहेत की त्या ग्रहणाशिवायही बघता येतील. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर स्वतंत्रपणे त्याच मागे होता. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने ग्रहण नसताना तो वर्णपट मिळवला. त्यात पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या जवळ, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. ही पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी असं पुढे म्हटलं गेलं, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. पृथ्वीवर तो हाताला लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला, युरेनियमच्या खनिजातून.

म्हणजे १८६८ मध्ये लॉकयर विजयदुर्गला नव्हता, इंग्लंडमध्ये होता. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर खरोखर विजयदुर्गला आला होता. आरमाराच्या ‘मेल्पोमीनी’ जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते, दुर्बिणी लावल्या होत्या, आणि त्या निरीक्षणांचा अहवाल विजयदुर्गच्या नावाने छापलेला आहे. ज्याने हेलियम ओळखला तो माणूस तुमच्या किल्ल्यावर उभा राहून सूर्य बघत होता. हे त्या मुलाला सांगा, आणि १८६८ नि १८९८ या दोन ग्रहणांची गल्लत गावात कशी झाली असेल ते त्यालाच शोधायला लावा. त्याला हवं तर मी अहवालाची पीडीएफ पाठवतो.

आणि वाचनालयात एक नियम करा. मुलांनी टॅबवर शोधलेलं वहीत लिहिताना कुठल्या दोन ठिकाणी सापडलं ते पुढे लिहायचं. विकिपीडिया आणि विश्वकोश, किंवा पाठ्यपुस्तक आणि विकिपीडिया. दोन्हींत वेगळं असेल तर दोन्ही लिहायचं आणि मोठ्यांना विचारायचं. त्या मुलाने नेमकं तेच केलंय, त्याचं कौतुक करा.

उत्तर : आरोग्यसेविका, मंडणगड

ताई, एक गोष्ट कळकळीने सांगते. टॅबमध्ये साप ओळखायचं ॲप भरणार असाल तर ते निसर्गाच्या अभ्यासापुरतं ठेवा. साप चावल्यावर त्याच्यामागे फोन घेऊन फोटो काढायला जाणारी तरुण मुलं मी बघितली आहेत. त्याची गरज नाही. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं. साप कुठला हे ॲपने सांगेपर्यंत थांबायचं नाही.

दारावरच्या कागदावर हे लिहा. १०८ ला फोन. माणसाला चालवायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, फळी लावून सैल बांधायचा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, सूज येते. सरळ प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. तुमच्या जवळचं कुठलं ते आत्ताच विचारून ठेवा आणि नाव लिहा. फोन लागत नसेल तर गावात रात्री गाडी काढणाऱ्या दोन माणसांची नावं लिहा.

विंचू चावून घाम सुटला, हात-पाय गार पडले तरी तसंच रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याने पुष्कळ मुलं वाचली. पण ते वेळेत मिळायला हवं.

आणि विजेसाठी दामिनी हे ॲप. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलं आहे, आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर दाखवतं. ते नेटवर्कशिवाय चालत नाही, पण विजा जास्त पडतात त्या मे महिन्यात आणि भातकापणीच्या दिवसांत, तेव्हा नेटवर्क असतं. कापणीला जाणाऱ्या घरातल्या एकाच्या तरी फोनवर ते घालून द्या.

खाडीकाठची वाचनालयवाली

सेविका ताई, कागद लिहून झाला. दारावर एका बाजूला भरती-सुकती, दुसऱ्या बाजूला तुमचं सांगणं, त्याखाली १०८, ११२ आणि १५५४. गाडीवाल्यांची नावं त्यांना विचारून घातली, दोघंही लगेच हो म्हणाले.

नववीतल्या मुलाला १८९८ चं सांगितलं. त्याने आधी अहवाल मागितला. मास्तर, पाठवाच.

टॅबची रचना अशी केली आहे. पहिला टॅब मोठ्यांचा आणि हॉटस्पॉटचा : किविक्स, विश्वकोशाच्या नोंदी, मोल्सवर्थ, ट्रान्सलेट. दुसरा मुलांचा : बालभारतीची पुस्तकं, दीक्षाचे धडे, स्टोरीवीव्हर, फेट. बागायतदारांसाठी हवामान खात्याचं मेघदूत माझ्या स्वतःच्या फोनवर ठेवलं आहे. त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी पीकसल्ला येतो, सड्यावर गेले की बघते आणि खाली येऊन फळ्यावर लिहिते. आजोबांनी मोल्सवर्थमधून पहिलाच शब्द ‘खोत’ काढायला सांगितला, पुढचे शब्द वाचत बसले, आणि चिठ्ठीवरचं बाकीचं राहूनच गेलं.

विजयदुर्ग, गिर्ये, पडेल, वाघोटण या बाजूच्या कुणाला हेच सगळं आपल्या शाळेत किंवा वाचनालयात हवं असेल तर १२८ जीबीचं कार्ड घेऊन संध्याकाळी या, मी भरून देते. कार्ड एक्सफॅट करून आणा, आणि शक्यतो मे महिन्यातच या.